वाग्दत्त वधूवर आणि कलंकस्तंभ : मांझोनीच्या कादंबरींतील प्रमाणविचार

१

इटालियन ग्रंथकार आलेस्सांद्रो मांझोनी (१७८५–१८७३) याची ‘इ प्रोमेस्सी स्पोझी’, म्हणजे ‘वाग्दत्त वधूवर’, ही कादंबरी पाश्चात्य वाङ्मयांत मान्यता पावलेली आहे. तिची पहिली आवृत्ति १८२७ सालीं पुरी झाली. पुढें फ्लॉरेन्सच्या बोलीच्या अनुरोधानें सारा ग्रंथ शोधून मांझोनीनें अखेरची आवृत्ति १८४० ते १८४२ या काळांत हप्त्याहप्त्यानें सचित्र प्रसिद्ध केली. अडतीस प्रकरणांचा हा ग्रंथ एका प्रेमी जोडप्याच्या ताटातुटीची व पुनर्मीलनाची कथा सांगतो, आणि त्या कथेचा शेवट १६३० सालच्या मिलान शहरांतील महामारीनंतरच्या दिवसांत होतो. प्रस्तुत परीक्षण ब्रूस पेनमन (१९७२) व मायकेल मूर (२०२२) यांच्या इंग्रजी अनुवादांच्या आधारें लिहिलें आहे.

जुने कागद, दप्तरें व पोथ्या यांच्या अभ्यासास वाहिलेल्या या त्रैमासिकांत कादंबरीच्या परीक्षणाचें प्रयोजन काय, अशी शंका वाचकांस येणें साहजिक आहे. तिचें उत्तर तीन प्रकारें देतां येतें. पहिलें असें कीं, ही कादंबरी आपण एका सांपडलेल्या हस्तलिखितावरून रचली, असें मांझोनी सांगतो. दुसरें असें कीं, तें हस्तलिखित काल्पनिक असलें तरी कथेंत उपयोगिलेलीं सरकारी आज्ञापत्रें, चरित्रें व महामारीचे वृत्तांत खरे आहेत. आणि तिसरें, जें या लेखाचें मुख्य प्रतिपाद्य आहे, तें असें कीं, कादंबरीच्या पोटांत न मावणारें एक सत्य हातीं आल्यावर या ग्रंथकारानें तें कादंबरीबाहेर काढून स्वतंत्र लिहिलें. इतिहास व कल्पित यांच्या सरमिसळीविषयीं आपणांकडे जो वाद वारंवार होतो, त्यावर या एका कृतीचा प्रकाश पुष्कळ पडतो.

कालासंबंधीं एक खुलासा करणें अवश्य आहे. युरोपीय गणनेनें १६३० हें साल मध्ययुगाच्या अलीकडचें आहे. आपणांकडील रूढ विभागणींत मात्र तें मध्ययुगांतच पडतें. शिवछत्रपतींचा जन्म त्याच सालच्या फेब्रुवारींतला. आणि १६३० ते १६३२ या काळांत गुजराथ व दख्खन या प्रांतांत जो भयंकर दुष्काळ पडला, तो मिलानच्या महामारीचा समकालीन होय. या दोन आपत्तींचा परस्परसंबंध कांहीं नाहीं. केवळ कालाची खूण वाचकांच्या मनांत रहावी, एवढ्यासाठींच हा उल्लेख.

२

कथानक थोडक्यांत असें आहे. कोमो सरोवराच्या कांठच्या एका खेड्यांत रेन्झो नांवाचा रेशीम कातणारा तरुण व लुचिया नांवाची मुलगी यांचा विवाह ठरला आहे. त्या प्रांतावर त्या वेळीं स्पेनच्या राजाचा अंमल होता. १६२८ सालच्या नोव्हेंबरच्या ७ तारखेस गांवचा पाद्री दोन आब्बोन्दियो यास वाटेंत दोन गुंड गांठतात आणि हें लग्न लावूं नये, असा दोन रोद्रिगो या जुलमी सरदाराचा निरोप देतात. पाद्री भित्रा, तो लग्न टाळतो. वधूवरांस गांव सोडावें लागतें. लुचिया मोन्झा येथील मठांत आश्रय घेते, तेथून तिचें अपहरण होतें. परंतु अपहरण करविणाऱ्या बलाढ्य दुर्जनासच पश्चात्ताप होऊन ती सुटते. रेन्झो मिलान शहरांत भाकरीच्या दंग्यांत सांपडतो आणि आद्दा नदी ओलांडून व्हेनिसच्या अंमलांतील बेर्गामो प्रांतांत पळून जातो. दुष्काळ, त्यामागून जर्मन पलटणींची धाड, आणि त्यांच्या पाठोपाठ ग्रंथिक सन्निपात, असा क्रम लागतो. रोगांतून उठलेला रेन्झो लुचियाचा शोध घेत शहरांत येतो, आणि रोग्यांच्या आवारांत त्याला ती जिवंत भेटते. दोन रोद्रिगो तेथेंच मरणोन्मुख पडलेला असतो. महामारी सरते, लग्न लागतें, आणि जोडपें बेर्गामोकडे संसार थाटतें.

एवढ्यावरून पाहतां ही चारचौघींसारखी अद्भुत प्रेमकथा वाटेल. तिचें वैशिष्ट्य कथानकांत नसून प्रमाणांच्या हाताळणींत आहे.

३

आरंभींच सतराव्या शतकांतील आडंबरी, अलंकारांनीं लडबडलेल्या गद्याचा एक उतारा येतो. तो एका निनांवी लेखकाच्या पोथींतील म्हणून दिला आहे. थोडासा मजकूर उतरून झाल्यावर नक्कल करणारा थांबतो. अक्षर धुपलेलें, कागद ओरखडलेला. इतके कष्ट करून ही नक्कल पुरी केली तर ती वाचणार कोण, असा प्रश्न तो स्वतःस करतो. पण कथा चांगली असल्यामुळें, हकीकत तीच ठेवून भाषा मात्र बदलावी असें ठरवितो; आणि असल्या गोष्टी त्या काळीं खरोखर घडत होत्या कीं काय, हें पाहण्यासाठीं समकालीन लेख चाळूं लागतो. जुन्या पोथीच्या नकलेस बसलेल्या कोणासही हा प्रसंग वाचून हंसूं येईल, आणि थोडें ओशाळल्यासारखेंही होईल. कारण आपल्यापैकीं प्रत्येकानें कधीं तरी हाच प्रश्न स्वतःस केलेला असतो.

हा बनाव आहे, हें उघड आहे. परंतु बनाव आणि बनावट यांत भेद केला पाहिजे. आपणांकडे वतनांच्या तंट्यांत खोटे महजर व खोट्या सनदा पुढें केल्याचीं उदाहरणें दप्तरांतून पुष्कळ मिळतात. त्यांवर शिक्का असतो, साल असतें, साक्षीदारांचीं नांवें असतात, आणि त्यांपासून कोणाचा तरी हक्क बुडावयाचा असतो. मांझोनीच्या पोथीवर शिक्का नाहीं, लेखकाचें नांव नाहीं, ती कोणत्या संग्रहांतली तें सांगितलेलें नाहीं. आणि तिच्या आधारें कोणीही कांहीं मागत नाहीं. ती वाचकास फसविण्यासाठीं नसून, कथेचा कोणता भाग साक्षीवर उभा आहे व कोणता नाहीं, याची वाचकास वारंवार आठवण देण्यासाठीं आहे.

याचें एक सुंदर उदाहरण एकोणिसाव्या प्रकरणांत आहे. लुचियाचें अपहरण करविणाऱ्या सरदाराचें नांव पोथींत नाहीं; म्हणून मांझोनी त्याला ‘अनामिक’ असेंच म्हणतो. पण तेवढ्यावर न थांबतां तो दाखवून देतो कीं, कार्दिनाल फेदेरिगो बोर्रोमेओचा चरित्रकार रिव्होला व इतिहासकार रिपामोन्ती यांनींही या गृहस्थाच्या दुष्कृत्यांविषयीं लिहितांना नांव वगळलें आहे. खोट्या पोथीचें मौन आणि खऱ्या इतिहासकारांचें मौन येथें शेजारीं शेजारीं ठेविलें आहे. बलवंताचें नांव लिहिण्यास लेखणी कचरते, ही गोष्ट काल्पनिक नव्हे. आपल्या बखरी वाचणाऱ्यांसही ही लेखणी परिचयाची आहे.

४

कागदपत्रांचा उपयोग मांझोनी कसा करतो, तें पहिल्याच प्रकरणांत दिसतें. पाद्र्याला अडविणारे गुंड दिसतांच कथा थांबते, आणि १५८३ सालापासून १६२७ सालापर्यंत मिलानच्या एकामागून एक आलेल्या सुभेदारांनीं अशा भाडोत्री गुंडांविरुद्ध काढलेलीं आज्ञापत्रें क्रमानें समोर मांडलीं जातात. प्रत्येक आज्ञापत्रांत शिक्षा पूर्वींपेक्षां कडक आहे, भाषा पूर्वींपेक्षां गर्जनापूर्ण आहे. सामान्य वाचक यावरून त्या काळीं बंदोबस्त कडक होता, असें अनुमान करील. मांझोनी उलट अनुमान काढतो : ज्या अर्थीं तीच आज्ञा पुन्हां पुन्हां काढावी लागली, त्या अर्थीं ती कोणी पाळीत नव्हता. आज्ञापत्र हें घडलेल्या गोष्टीचें प्रमाण नसून, घडावी अशी इच्छा असलेल्या गोष्टीचें प्रमाण आहे. दप्तरांतील ताकीदपत्रें वाचतांना हा नियम प्रत्येक अभ्यासकानें जवळ बाळगावा, इतका तो मोलाचा आहे.

एकतिसावें व बत्तिसावें हीं दोन प्रकरणें महामारीचा शुद्ध इतिहास आहेत. रेन्झो व लुचिया यांस तेथें जवळजवळ रजा दिलेली आहे. मुख्य साक्षीदार दोन : आरोग्यमंडळाचा सभासद असलेला वैद्य ताद्दीनो, आणि इतिहासलेखक रिपामोन्ती. रोग शहरांत प्रथम कोणी आणला, याविषयीं दोघांचा मेळ नाहीं. ताद्दीनो म्हणतो तो शिपाई पिएत्रो आन्तोनियो लोव्हातो, आला २२ ऑक्टोबरला. रिपामोन्ती म्हणतो तो पिएर पाओलो लोकाती, आला त्यापुढील महिन्याच्या २२ तारखेस. दोघेही बहुश्रुत, दोघेही समकालीन. तरी अधिक पक्क्या असलेल्या इतर तारखांशीं ताडून पाहतां दोघांचीही तिथि टिकत नाहीं, असा निर्णय मांझोनी देतो. समकालीन साक्ष म्हणजे निर्णायक साक्ष, असें मानणाऱ्यांनीं हें स्थळ अवश्य पहावें.

मृतांच्या संख्येविषयींही हेंच. ताद्दीनोच्या मतें शहराची वस्ती अडीच लाखांहून अधिक होती, ती चौसष्ट हजारांवर आली; रिपामोन्तीच्या मतें वस्ती मुळांत दोन लाखच होती, आणि नगराच्या नोंदवह्यांप्रमाणें एक लाख चाळीस हजार माणसें मेलीं. मांझोनीनें दोन्ही आंकडे दिले आहेत. आधुनिक संशोधक मूळ वस्ती याहून बरीच कमी, सव्वा ते दीड लाखाच्या दरम्यान, धरतात आणि तिच्यांतील सुमारें निम्मी माणसें दगावलीं असें मानतात. समकालीनांचे आंकडे भीतीनें फुगतात, हा अनुभव येथेंही येतो.

याहून अधिक मनोवेधक भाग म्हणजे रोगाच्या नांवाचा इतिहास. आधीं महामारी असा शब्द उच्चारण्यासच बंदी; मग विषारी ज्वर; मग महामारी खरी, पण एका विशिष्ट अर्थानें; मग निःसंशय महामारी; आणि ती मान्य होतांच तिला विषप्रयोगाची व चेटकाची कल्पना चिकटलेली. सत्य कबूल करण्यास झालेल्या विलंबाचें व्याज म्हणून हें दुसरें असत्य आलें. वृद्ध राजवैद्य सेत्तालानें रोग खरा आहे असें सांगितलें, म्हणून लोकांचा घोळका त्याच्या पालखीवर चालून गेला. सुभेदार स्पिनोला यास युद्धाची विवंचना. रोगाची वार्ता पोंचली असतां त्यानें १८ नोव्हेंबर रोजीं राजपुत्राच्या जन्माप्रीत्यर्थ सार्वजनिक उत्सव करण्याचें आज्ञापत्र काढलें. पुढें ११ जून १६३० रोजीं संत कार्लोच्या देहाची मिरवणूक सर्व शहरांतून निघाली. तिला कार्दिनालनें प्रथम विरोध केला होता, अखेर तो लोकाग्रहापुढें वांकला. मिरवणुकीनंतर मृत्यु एकदम वाढले. गर्दीमुळें रोग पसरला, हें कोणी म्हणेना. गर्दीचा फायदा घेऊन विष लावणाऱ्यांनीं आपला कार्यभाग साधला, असें सर्वांचें मत पडलें.

मराठी वाचकास हें वाचतांना १८९६ सालची मुंबई आठवल्याखेरीज राहणार नाहीं. त्या ऑक्टोबरांत सरकारी रुग्णालयांत माणसें मारतात, अशा समजुतीनें गिरणी कामगारांच्या जमावानें आर्थर रोडवरील रुग्णालयावर हल्ला केला होता. त्याआधीं दोनच वर्षें, १८९४ सालीं, येर्सिनला हाँगकाँग येथें रोगाचा जंतु सांपडला होता. पण जंतूचा शोध लागल्यानें संशयाचा शोध थांबला नाहीं. २०२० सालच्या साथींतही आपण हें पुन्हां अनुभवलें.

ग्रंथसंग्राहकांसाठीं दोन स्थळें मुद्दाम नमूद करण्यासारखीं आहेत. बाविसाव्या प्रकरणांत फेदेरिगो बोर्रोमेओनें १६०९ सालीं खुल्या केलेल्या आम्ब्रोसियन ग्रंथालयाची हकीकत आहे. त्यानें देशोदेशीं विद्वान पाठवून तीस हजार मुद्रित ग्रंथ व चौदा हजार हस्तलिखितें जमविलीं. आणि नियम असा केला कीं, ग्रंथ सर्वांच्या दृष्टीस पडतील असे ठेवावे, जो मागेल त्यास द्यावे, शिवाय बसावयास जागा व लिहावयास कागद, लेखणी, दऊत हींही द्यावीं. कपाटास कुलूप लावण्यांतच संग्रहाची प्रतिष्ठा मानणारे गृहस्थ अजून आपणांत आहेत. त्यांस हें चार शतकांपूर्वींचें उदाहरण सांगितलें पाहिजे. याच ग्रंथालयांत फेदेरिगोनें स्वतः महामारीविषयीं लिहिलेलें टिपण राहिलें, आणि मांझोनीला तें उपयोगीं पडलें. आपल्या मृत मुलीला स्वच्छ वस्त्रें नेसवून शववाहकांच्या गाडींत स्वहस्तें ठेवणाऱ्या मातेचें चौतिसाव्या प्रकरणांतील चित्र त्या टिपणावरून उतरलें आहे.

दुसरें स्थळ सदतिसाव्या प्रकरणाच्या शेवटीं आहे. दोन फेर्रान्ते नांवाचे एक बहुश्रुत गृहस्थ आपल्या ग्रंथसंग्रहांत रमलेले. संसर्ग म्हणजे काय, तर तें द्रव्य असलें पाहिजे किंवा गुण. तें द्रव्य नाहीं, कारण अमुक. गुण नाहीं, कारण एका द्रव्याचा गुण दुसऱ्यांत जाऊं शकत नाहीं. तस्मात् संसर्ग नाहींच, आहे ती केवळ शनि-गुरूंची युति! अशा सिद्धान्तावर भरंवसून त्यांनीं कोणतीच काळजी घेतली नाहीं, आणि ग्रहांस दोष देत ते रोगानें वारले. त्यांचा संग्रह रस्त्यावरच्या पुस्तकविक्यांकडे विखुरला. तर्कसंग्रहाचे पदार्थ पाठ केलेल्या आम्हां संस्कृतज्ञांस ही थट्टा नेमकी झोंबते. त्यांच्या अनुमानाचा सांगाडा निर्दोष आहे. दोष एवढाच कीं, दाराबाहेरचें प्रत्यक्ष पाहण्याचे कष्ट त्यांनीं घेतले नाहींत.

५

आतां महामारीनंतरच्या भागाकडे वळूं. येथें कादंबरीकार व इतिहासकार यांची वाट फुटते, आणि गुणदोषांचा विचार येथेंच केला पाहिजे.

शेवटच्या प्रकरणांत दोन आब्बोन्दियो मोठ्या समाधानानें म्हणतो कीं, महामारी ही आपत्ति खरी, परंतु ती केरसुणीही आहे. ज्यांच्या तावडींतून सुटका नव्हती, त्यांस तिनें झाडून नेलें. ही उक्ति भित्र्या माणसाची म्हणून मांझोनी तिची थट्टा करतो. परंतु कथानकाची रचना पाहूं गेल्यास तीही त्याच केरसुणीचें काम करते. जुलमी सरदार मरतो. त्याचा उदार वारस वधूवरांची जमीन दामदुपटीनें विकत घेतो. खटले विसरले जातात. माणसें मेल्यामुळें कारागिरांचा तुटवडा पडतो आणि रेन्झोसारख्या हुन्नरी कामगारास बेर्गामोंत बरकत येते. यांतील शेवटची गोष्ट इतिहासास धरून आहे, व ती मांझोनीनें मार्मिकपणें टिपली आहे. परंतु बाकीचा जमाखर्च इतका बिनचूक जुळतो कीं, हजारों माणसें या दोघांचें लग्न लागावें म्हणूनच मेलीं काय, असा प्रश्न वाचकाच्या मनांत उभा राहतो.

ग्रंथकार या दोषाविषयीं अगदींच बेसावध होता, असें म्हणतां येणार नाहीं. वारस सरदार वधूवरांस मेजवानी देतो, स्वतः वाढतोही. पण स्वतः जेवतो तो पाद्र्यासह वेगळ्या दालनांत. त्यांच्याहून खालीं उभें राहण्याइतकी नम्रता त्याच्या अंगीं होती, बरोबरीनें बसण्याइतकी नव्हती, असा त्यावर मांझोनीचा अभिप्राय आहे. बेर्गामोच्या लोकांनीं लुचियाच्या रूपाविषयीं ऐकून ठेविलेलें असतें. ती दिसतांच त्यांची निराशा होते व रेन्झोस त्याचा राग येतो. संकटांनीं आपण काय काय शिकलों, याची यादी रेन्झो सांगतो तेव्हां, मी तर संकटांच्या शोधांत गेलें नव्हतें, तींच मला शोधीत आलीं, असें लुचिया शांतपणें म्हणते. या एका उत्तरानें सर्व बोधकथेचा पाया हालतो. सबंध ग्रंथांत लुचियेचें पात्र फिकें आहे, हा आक्षेप खरा आहे. पण येथें तिनें ग्रंथकारासही निरुत्तर केलें आहे.

तथापि सुखान्त तो सुखान्तच. तो ज्या गोष्टीस पेलवेना, तिची हकीकत आतां पाहूं.

६

२१ जून १६३० रोजीं सकाळीं कातेरिना रोझा नांवाच्या एका बाईनें खिडकींतून पाहिलें कीं, एक मनुष्य भिंतीच्या कडेकडेनें चालला आहे आणि मधून मधून भिंतीस हात लावतो आहे. तो गुल्येल्मो पियात्सा, आरोग्यमंडळाचाच एक नोकर. त्याच्या हातांत कागद होता, आणि तो लिहीत असावा असें तिला वाटलें होतें. बोटांची शाई त्यानें भिंतीस पुसली असावी, असा मांझोनीचा तर्क आहे. तो भिंतीस लागून कां चालत होता? पाऊस पडत होता म्हणून. ही गोष्ट बाईनें स्वतःच सांगितली. पण तिनें तींतून निष्कर्ष असा काढला कीं, पावसांतून आडोशानें जाणाऱ्यांचे कपडे भिंतीस लागून भरावे, म्हणून त्यानें मुद्दाम पावसाची वेळ निवडली! निर्दोषपणाचा पुरावाच अपराधाचा पुरावा ठरला.

पियात्सास पकडून यातना देण्यांत आल्या. भिंती माखल्याचें आपणांस ठाऊक नव्हतें, हें त्याचें उत्तर असंभवनीय आहे, एवढें निमित्त त्यास पुरलें. त्यानें प्रथम कांहीं कबूल केलें नाहीं. मग माफीचें आश्वासन मिळाल्यावर जान्जाकोमो मोरा या न्हाव्याचें नांव घेतलें. मोरा महामारीपासून रक्षण करणारें एक मलम तयार करीत असे. त्याच्या घरांत मलम सांपडलें, आणि एका भांड्यांत कपडे धुण्याचें क्षारपाणी सांपडलें. तें पाणी विषारी असल्याचा संशय परटिणी व वैद्य यांनीं व्यक्त केला. यातना सुरू होतांच मोरानेंही न्यायाधीशांस हवें तें सांगितलें. ऑगस्टच्या आरंभीं दोघांस भयंकर हाल करून ठार मारण्यांत आलें. मोराचें घर पाडून जागेवर त्यांच्या दुष्कृत्याचें स्मारक म्हणून एक स्तंभ उभारला, आणि तेथें पुन्हां घर बांधूं नये असा शिलालेख बसविला. हाच ‘कलंकस्तंभ’. तो १७७८ सालीं पाडला गेला. शिलालेख मिलानच्या स्फोर्झा किल्ल्यांतील संग्रहालयांत जतन केलेला आहे. कोरीव लेख हें सर्वांत भक्कम प्रमाण, असा आपणां शिलालेखाभ्यासकांचा सहज समज असतो. येथें पाषाणावर कोरलेलें अक्षर न् अक्षर समकालीन आहे, अधिकृत आहे, आणि सर्वस्वीं असत्य आहे.

हें प्रकरण मांझोनीनें कादंबरीच्या पहिल्या खर्ड्याच्या वेळींच (१८२१–१८२३) लिहावयास घेतलें होतें. पण तें कथेंत बसेना. शेवटीं तें ‘कलंकस्तंभाचा इतिहास’ या नांवानें १८४०–४२ च्या आवृत्तीस जोडून प्रसिद्ध झालें. त्याचा मुख्य आधार म्हणजे त्याच खटल्यांत गोंवल्या गेलेल्या व पुढें निर्दोष सुटलेल्या पादिया नांवाच्या एका अधिकारीपुत्राच्या बचावासाठीं छापलेलीं कागदपत्रें. धनवंताच्या मुलास वकील मिळाला, म्हणून गरीब न्हाव्याची जबानी आपल्यापर्यंत पोंचली, ही गोष्ट दप्तराचा इतिहास लिहिणाऱ्यानें ध्यानांत ठेवावी.

याच खटल्यावर पिएत्रो व्हेर्री यानें पूर्वीं एक निबंध लिहिला होता. तो १८०४ सालीं, त्याच्या मृत्यूनंतर, प्रसिद्ध झाला. यातना देण्याची पद्धति वाईट, म्हणून असा अन्याय घडला, असें व्हेर्रीचें मत. मांझोनीची माता ही, यातना व देहान्तशासन यांविरुद्ध १७६४ सालीं ग्रंथ लिहिणाऱ्या बेक्कारियाची कन्या; तेव्हां मांझोनी तेंच मत उचलून धरील, असें कोणासही वाटेल. तो तसें करीत नाहीं. फारिनाच्ची इत्यादि त्या काळच्याच धर्मशास्त्र्यांचे, म्हणजे कायदेपंडितांचे, ग्रंथ काढून तो दाखवितो कीं, यातना केव्हां द्यावी, किती द्यावी, माफीचें आश्वासन देऊन घेतलेली साक्ष कितपत मानावी, यांस त्या कायद्यांतही मर्यादा होत्या, आणि न्यायाधीशांनीं त्या जाणून बुजून ओलांडल्या. अज्ञान काळाचें होतें; पण अन्याय माणसांचा होता. काळाच्या नांवावर दोष टाकून मोकळें होणें म्हणजे त्या माणसांस सोडून देणें होय. संस्थेचा दोष मांझोनी थोडा हलका लेखतो, आणि तितक्यापुरतें व्हेर्रीचें म्हणणें मला अधिक ग्राह्य वाटतें. परंतु ‘त्या काळीं तसेंच होतें’ या आपल्या आवडत्या वाक्याआड किती गोष्टी लपतात, हें मांझोनीइतक्या स्पष्टपणें कोणी दाखविलेलें नाहीं.

इंग्रजी अनुवादांत हें परिशिष्ट बहुधा गाळलेलें असतें. त्यामुळें वाचकाच्या हातीं केरसुणीची कथा येते आणि स्तंभाची राहते. ज्या महामारीनें रेन्झो-लुचियांस एकत्र आणलें, त्याच महामारींत, त्याच शहरांत, पावसांतून आडोशानें जाणारा एक मनुष्य व मलम विकणारा एक न्हावी मारले गेले. त्यांस कोणत्याही कथेंत सुखान्त देतां येत नाहीं. मांझोनीनें तो देण्याचा यत्न केला नाहीं, येथें त्याची प्रामाणिकता आहे.

७

कथा व आख्यायिका यांचा भेद आपल्या आलंकारिकांनीं फार पूर्वीं चर्चिला आहे. अमरकोशानें आख्यायिकेचा विषय ज्ञात असतो व कथा ही कल्पनेची रचना असते, असें सांगितलें. भामहानें दोहोंची लक्षणें निरनिराळीं बांधलीं. दण्डीनें हा भेद नुसत्या नांवाचा आहे, जाति एकच, असें म्हणून तो उडवून लावला. बाणभट्टानें मात्र ‘हर्षचरित’ ही आख्यायिका व ‘कादंबरी’ ही कथा असे दोन वेगळे ग्रंथ लिहिले, आणि मराठीनें त्यांतील दुसऱ्याचेंच नांव या सबंध वाङ्मयप्रकारास दिलें. मांझोनीनें तरुणपणीं दण्डीच्या मताप्रमाणें लिहिलें आणि उतारवयांत तो भामहाच्या पक्षास गेला, असें आपल्या परिभाषेंत म्हणतां येईल. १८५० सालीं प्रसिद्ध केलेल्या ऐतिहासिक कादंबरीवरील निबंधांत तो सांगतो कीं, या प्रकारांत खरें कोणतें व कल्पित कोणतें हें कळावें, अशी वाचकाची एक मागणी असते. आणि सर्व मिळून एकजीव वाटावें, अशी दुसरी. पहिली पुरवावी तर दुसरी बुडते, दुसरी पुरवावी तर पहिली. म्हणून हा प्रकार मुळांतच सदोष आहे. जगप्रसिद्ध ऐतिहासिक कादंबरीच्या कर्त्यानेंच असें लिहावें, ही साधी गोष्ट नव्हे.

गुंजीकरांच्या ‘मोचनगड’ (१८७१) पासून आपणांकडेही ऐतिहासिक कादंबरीची परंपरा चालत आली आहे, आणि तिनें इतिहासाविषयीं प्रेम उत्पन्न केलें, हें कोणी नाकारणार नाहीं. त्याच सुमारास साधनांच्या शोधाची दुसरी परंपराही उदयास आली. राजवाड्यांनीं १८९८ सालीं प्रसिद्ध केलेल्या पहिल्या खंडाच्या प्रस्तावनेंत बखरींस समकालीन पत्रांशीं ताडून पाहिलें. या दोन परंपरांची गांठ मात्र क्वचितच पडली. कादंबरीकार साधनें वाचतात तें वर्णनांस रंग यावा म्हणून. आणि संशोधक कादंबरी बाजूस सारतात ती खोटी म्हणून.

मांझोनीचें उदाहरण दोघांसही उपयोगीं पडेल. कादंबरीकारानें त्याच्यापासून घ्यावें तें असें कीं, साक्ष कोठें संपते तें ठिकाण वाचकास दाखवावें, आणि जें सत्य कथेस पेलवत नाहीं तें कथेच्या सोयीसाठीं वांकवूं नये, वेगळें लिहावें. संशोधकानें घ्यावें तें असें कीं, आज्ञापत्र, समकालीन वृत्तांत, शपथेवरील जबानी आणि कोरीव लेख हीं चारही प्रमाणें एका मनुष्याच्या निरपराधित्वाविरुद्ध उभीं राहूं शकतात, आणि तरी तो निरपराध असूं शकतो. आपल्या संग्रहांत जे महजर, जे निवाडे, जीं कबुलीपत्रें आहेत, त्यांतही एखादा मोरा असेल. कबुलीपत्राची नक्कल करतांना ती कोणत्या अवस्थेंत घेतली गेली, याचा कागदांत कांहीं मागमूस आहे काय, एवढें पाहण्याची संवय आपण लावून घेतली तरी या ग्रंथाच्या वाचनाचे श्रम सार्थकीं लागले, असें मी समजेन.